न आलेली लाट

एप्रिल १९३९. युद्ध सुरू व्हायला अजून पाच महिने आहेत. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने देशभरातल्या नगरपालिकांना दफनाचे कोरे फॉर्म पाठवले. किती? दहा लाख!

फॉर्म छापण्यात सरकारी खाती जगात सगळीकडेच तत्पर असतात, त्यामुळे आधी मला त्यात काही विशेष वाटलं नाही. पण दहा लाख हा आकडा कुठून आला ते शोधायला लागलो आणि पुढचे तीन वीकेंड त्यातच गेले. मुळात मला वाचायचं होतं ते एवढंच, की डोक्यावर रोज बॉम्ब पडत असताना माणसं जगतात कशी. म्हणजे ऑफिसला जातात, डबा भरतात, नवरा-बायको भांडतात, हे सगळं कसं चालतं? आणि मानसशास्त्रवाल्यांना त्याबद्दल काय सापडलं? लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांइतका, म्हणजे 'ब्लिट्झ'इतका, या प्रश्नाचा अभ्यास त्याआधी कुठे झाला नसावा. पण त्या अभ्यासाचं पुढे जे झालं ते वाचून झोप उडाली. ते शेवटी सांगतो.

तर आधी तो आकडा.

पहिल्या महायुद्धात जर्मनीने आधी झेपेलिन आणि नंतर गोथा विमानं पाठवून ब्रिटनवर बॉम्ब टाकले होते. त्या सगळ्या हल्ल्यांत मिळून साधारण १,४०० माणसं गेली. एकट्या १३ जून १९१७ च्या दिवशी लंडनमध्ये १६२. त्यात पॉप्लर भागातल्या एका शाळेतली १८ लहान मुलं होती. पुढे हवाई खात्याने या हल्ल्यांवरून एक गुणोत्तर काढलं : एक टन बॉम्बमागे मेलेले आणि जखमी मिळून ५०. मग जर्मनीकडे आता किती विमानं असतील, ती दिवसाला किती टन टाकतील, किती दिवस टाकतील, असे अंदाज एकमेकांना गुणत गेले. १९३७ पर्यंत हिशोब आला तो असा : ६० दिवसांत ६ लाख मृत आणि १२ लाख जखमी.

आपल्यापैकी ज्यांनी कधी प्रोजेक्टचं एस्टिमेट दिलंय त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. मूठभर नोंदी, त्याही सगळ्यात वाईट दिवसांच्या, आणि त्यावर सरळ रेघ मारून थेट क्षितिजापर्यंत! प्रत्यक्षात काय झालं? सहा वर्षांच्या पूर्ण युद्धात ब्रिटनमध्ये हल्ल्यांत गेलेले नागरिक सुमारे ६०,००० होते. आकडा लहान नाही, मुळीच नाही. पण साठ दिवसांत सहा लाख कुठे आणि सहा वर्षांत साठ हजार कुठे.

हे झालं शरीरांचं. मनांचा अंदाज याहून भारी होता. ऑक्टोबर १९३८ मध्ये लंडनच्या नावाजलेल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या एका गटाने आरोग्य खात्याला खाजगीत अहवाल दिला. त्यांचं म्हणणं, की शरीराने जखमी होतील त्यांच्या तिप्पट लोक मनाने कोसळतील. पहिल्या सहा महिन्यांत घबराट, उन्माद वगैरेच्या ३० ते ४० लाख केसेस येतील. इतक्या वेड्यांची सोय करायची म्हणजे चेष्टा आहे का! मॉड्स्ली हे लंडनचं प्रसिद्ध मनोरुग्णालय रिकामं करून डॉक्टरांना शहराबाहेर मिल हिल आणि सटन इथे हलवण्यात आलं. तिथे खाटा तयार ठेवल्या.

युद्ध जाहीर झालं ३ सप्टेंबर १९३९ ला. त्याच्या आसपासच्या तीन दिवसांत सुमारे १५ लाख लोक, बहुतेक शाळकरी मुलं आणि लेकुरवाळ्या बायका, शहरांतून खेड्यांत पाठवले गेले. आणि एक गोष्ट जी सिनेमात सहसा दाखवत नाहीत : पहिल्या काही दिवसांत लंडनच्या लोकांनी आपणहून सुमारे ४ लाख पाळीव कुत्री-मांजरं मारून टाकून घेतली. जनावरांच्या दवाखान्यांसमोर रांगा लागल्या होत्या. तोवर एकही बॉम्ब पडला नव्हता. लंडनवरचे मोठे हल्ले सुरू व्हायला अजून अख्खं वर्ष होतं.

म्हणजे घबराट झालीच नाही असं नाही. झाली. पण ती अंदाजाने झाली, बॉम्बने नाही.

आता प्रश्न असा की इतके शिकलेले लोक इतके चुकले कसे? एक कारण म्हणजे ट्रेंचर्ड नावाचा हवाई दलाचा सर्वेसर्वा. त्याने १९१९ मध्ये ठोकून दिलं होतं की बॉम्बचा मनावर होणारा परिणाम हा प्रत्यक्ष नुकसानीच्या २० पट असतो. वीसच का? त्याला पाया काहीच नव्हता. पण आकडा सांगितला की लोक गप्प बसतात, हे तेव्हाही खरं होतं. याच ट्रेंचर्डच्या हवाई दलाने १९२० च्या दशकात इराकमध्ये आणि आपल्या तेव्हाच्या वायव्य सरहद्दीवर, वझिरीस्तानात, टोळ्यांच्या गावांवर बॉम्ब टाकून 'व्यवस्था' राखली. स्वस्तात काम होतं म्हणून सरकारही खूश होतं.

दुसरं कारण जास्त सूक्ष्म आहे. १८९५ मध्ये गुस्ताव ल बाँ या फ्रेंच माणसाने गर्दीच्या मानसशास्त्रावर एक पुस्तक लिहिलं. गर्दीत माणूस विचार करायचं सोडतो, जनावर होतो, असा त्याचा सूर. पुढची चाळीस-पन्नास वर्षं युरोपातले साहेब लोक ते पुस्तक डोक्यात घेऊन वावरत होते. आणि 'गर्दी' म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर स्वतःचा क्लब यायचा नाही, यायचा तो लंडनचा ईस्ट एंड. गोदी कामगार, ज्यू शिंपी, आयरिश हमाल. पळतील ते 'हे लोक'. अहवालाची भाषा वैद्यकीय होती, पण आतली भीती जुनी होती : आपल्याच गरिबांची.

या भीतीचे परिणाम सिमेंटमध्ये दिसतात. सरकारने जमिनीखाली खोल आश्रयस्थानं बांधायला नकार दिला. पैशाचं कारण होतंच, पण एक कारण असंही होतं की लोक एकदा खाली गेले की वर कामाला येणारच नाहीत. शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी स्पेनच्या यादवी युद्धातले बॉम्बहल्ले स्वतः पाहिले होते. १९३८ मध्ये पुस्तक लिहून त्यांनी खोल आश्रयस्थानांचा आग्रह धरला. उपयोग झाला नाही. (हेच हाल्डेन १९५७ मध्ये कायमचे भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) लोकांना मिळालं काय, तर ज्यांच्या घराला परसू आहे त्यांना अर्धवट पुरायचं पन्हळी पत्र्याचं अँडरसन शेल्टर. ईस्ट एंडच्या चाळवजा घरांना परसू कुठून असणार?

७ सप्टेंबर १९४० ला खरे हल्ले सुरू झाले. लंडनवर सलग ५७ रात्री. मे १९४१ पर्यंत देशभरात मिळून सुमारे ४३,००० माणसं गेली.

आणि मिल हिल, सटनच्या खाटांवर अपेक्षित गिऱ्हाईक आलंच नाही. तिथे सैनिक होते, डंकर्कहून परत आलेले. वेड्या झालेल्या नागरिकांची लाट काही आली नाही. १९४२ मध्ये ऑब्री ल्युइस या मानसोपचारतज्ज्ञाने 'लॅन्सेट'मध्ये सगळीकडची माहिती गोळा करून मांडली : मनोविकारांत म्हणण्यासारखी वाढ नाही. मोठ्या हल्ल्यानंतर आठवडा-दहा दिवसांनी किंचित वाढ दिसते, तीही मुख्यतः ज्यांना आधीपासून त्रास होता त्यांच्यात. आत्महत्या तर कमी झाल्या होत्या.

इथे थांबून टाळ्या वाजवायचा मोह होतो. ब्रिटिशांनी तो भरपूर वाजवूनही घेतलाय. चहाचे कप, तुटलेल्या दुकानाबाहेर 'आम्ही उघडे आहोत' अशी पाटी, वगैरे. पण शरीर वेगळा हिशोब ठेवत होतं. सप्टेंबर-ऑक्टोबर १९४० मध्ये लंडनच्या इस्पितळांत पोटातला अल्सर फुटून येणाऱ्यांची संख्या एकदम वाढली, हेही 'लॅन्सेट'मध्येच १९४२ साली छापून आलं. मनाने तक्रार केली नाही, पोटाने केली. शिवाय ज्या देशात 'घाबरलो' म्हणणं म्हणजे शत्रूला मदत, तिथे डॉक्टरकडे जाऊन कोण सांगणार की मला रात्री कापरं भरतं?

लोकांनी नेमकं काय केलं हे बघायचं तर 'मास ऑब्झर्व्हेशन' नावाच्या संस्थेकडे जावं लागतं. १९३७ मध्ये टॉम हॅरिसन आणि दोन मित्रांनी ती काढली. कल्पना मजेशीर होती : मानववंशशास्त्रज्ञ दूरच्या बेटांवर जाऊन आदिवासींचा अभ्यास करतात, मग आपल्याच माणसांचा का नको? सामान्य लोकांना डायऱ्या लिहायला लावायच्या आणि निरीक्षकांनी पब, बस, रांगा, सगळीकडे कान देऊन बसायचं. थोडक्यात, ब्लॉगिंगचे पणजोबा :)

या नोंदींतून जे दिसतं ते पराक्रमापेक्षा खूप साधं आहे. लोकांची पहिली तक्रार मृत्यूची नव्हती, झोपेची होती. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातल्या पाहणीत साधारण एक तृतीयांश लोकांनी सांगितलं की काल रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. त्याच सुमारास लंडनच्या विमानविरोधी तोफांनी एका रात्री बेफाम मारा केला. त्याने विमानं फारशी पडली नाहीत, उलट तोफगोळ्यांचे तुकडे लंडनच्याच कौलांवर पडले. आवाज दुप्पट. पण दुसऱ्या दिवशी लोक खूश! आपल्या बाजूनेही काहीतरी चाललंय, एवढ्याने माणसाला बरं वाटतं.

खोल आश्रयस्थानं सरकारने दिली नाहीत, तर लोकांनी ती घेतली. ट्यूबच्या स्टेशनांत झोपायला बंदी होती. लोकांनी दीड पेनीचं तिकीट काढलं, खाली उतरले आणि वर आलेच नाहीत. तिकीट काढलेल्या प्रवाशाला तुम्ही हाकलणार कसं? काही दिवसांत सरकारने हात टेकले. २७ सप्टेंबरच्या रात्री तिथे १,७७,००० माणसं झोपली होती. त्याआधी १४ तारखेला फिल पिरॅटिन हा स्टेपनीचा कम्युनिस्ट नगरसेवक ईस्ट एंडच्या लोकांचा जथा घेऊन थेट सॅव्हॉय हॉटेलच्या तळघरात शिरला होता. श्रीमंतांचं आश्रयस्थान कसं असतं ते बघायला. आणि सकाळी? खाली गेलेले लोक रोज वर येऊन कामावर गेले. 'वर येणारच नाहीत' हा अंदाजही गेला पाण्यात.

पण ट्यूबचे फोटो इतके प्रसिद्ध आहेत की सगळं लंडन तिथेच होतं असं वाटतं. नोव्हेंबर १९४० च्या मोजणीत ट्यूबमध्ये होते ४ टक्के, सार्वजनिक आश्रयस्थानांत ९ टक्के, घरच्या शेल्टरमध्ये २७ टक्के. बाकीचे कुठे होते? आपापल्या घरात. बऱ्याच वेळा पलंगावर. काहींनी नशिबावर हवाला ठेवला, काहींना ओल्या पत्र्याखाली संधिवात नको होता. मला हा ६० टक्क्यांचा आकडा फार बोलका वाटतो. शौर्य म्हणा, कंटाळा म्हणा.

लोक जिथे खरोखर मोडले, तिथे कारण बहुधा बॉम्बनंतरची सरकारी व्यवस्था होती. कॅनिंग टाउनमधल्या साउथ हॉल्सविल शाळेत घर गेलेली कुटुंबं जमवली होती. बस येतील आणि सुरक्षित जागी नेतील म्हणून सांगितलं होतं. बस वेळेत आल्या नाहीत. १० सप्टेंबरच्या पहाटे शाळेवर बॉम्ब पडला. सरकारी आकडा ७७ मृत. आकडा याहून कितीतरी मोठा होता असं तिथले लोक नेहमीच सांगत आले. किंवा घर पडलं, पण तुम्ही वाचलात असं धरा : रेशनकार्ड एका कचेरीत, कपड्यांची मदत दुसरीकडे, नुकसानभरपाई तिसरीकडे, राहायची सोय चौथीकडे. आणि बससेवा बंद. 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण इंग्रजीत असती तर त्या आठवड्यात नक्की वापरली गेली असती. १४ नोव्हेंबरच्या रात्री कॉव्हेंट्रीवर हल्ला झाला, ५५० वर माणसं गेली. दुसऱ्या दिवशी हॅरिसनची माणसं पोचली तेव्हा त्यांना लोक सुन्न, रडणारे, काय करावं ते न कळणारे असे दिसले. हॅरिसनने ते रेडिओवर सांगितलं आणि मंत्रिमंडळात त्यावरून नाराजी झाली. पण त्याच कॉव्हेंट्रीतले कारखाने थोड्याच काळात पुन्हा सुरू झाले. कोसळणं आणि कामावर जाणं ही एकाच माणसाची दोन कामं असू शकतात, हे मंत्र्यांना झेपलं नसावं.

लहान मुलांचं वेगळंच. फ्रॉइडची मुलगी ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनच्या हॅम्पस्टेडमध्ये युद्धात सापडलेल्या मुलांसाठी पाळणाघरं चालवली, आणि रोजच्या नोंदी ठेवल्या. त्यांचं निरीक्षण : बॉम्बचा मुलांवर जो परिणाम होतो तो बराचसा आईच्या चेहऱ्यावरून होतो. आई शांत तर मूल शांत. आणि मुलाला सर्वात जास्त कशाने लागतं, तर आईपासून तोडल्याने. म्हणजे ज्या मुलांना वाचवायला म्हणून खेड्यात पाठवलं, त्यांचं दुःख कित्येकदा बॉम्बखाली आईजवळ राहिलेल्या मुलांपेक्षा खोल होतं. मुलांना पाठवणं चूक होतं असं मी म्हणत नाही. मेलेल्या मुलाचा विरह मोजता येत नाही. पण पाठवणाऱ्या कुठल्याही फॉर्मवर या दुःखाचा रकाना नव्हता.

लाट का आली नाही याचं एक स्पष्टीकरण केंब्रिजमधल्या मॅककर्डी या मानसोपचारतज्ज्ञाने १९४३ मध्ये दिलं. (अलीकडे माल्कम ग्लॅडवेलने ते २०१३ च्या पुस्तकात वापरलं, त्यामुळे काहींनी वाचलं असेल.) बॉम्ब पडला की लोकांचे तीन गट होतात. जे मेले, ते घबराट पसरवायला येत नाहीत. क्रूर वाटतं, पण हिशोब तसाच आहे. जे अगदी थोडक्यात वाचले, ज्यांनी शेजारचा माणूस जाताना पाहिला, ते हादरतात. आणि तिसरे, ज्यांनी फक्त आवाज ऐकला, घर हललं, आणि सकाळी बघतात तर आपण आहोत! या तिसऱ्या गटाला वाटायला लागतं की आपल्याला काही होत नाही. भीतीची भीती जाते. आणि मोठ्या शहरात हा तिसरा गट नेहमीच सगळ्यात मोठा असतो.

या तिसऱ्या गटाच्या डोक्यात मग सिद्धांत तयार होतात. जून १९४४ पासून लंडनवर व्ही-१ येऊ लागले. हे वैमानिक नसलेले उडते बॉम्ब. इंजिनाची घरघर ऐकू यायची, मग अचानक बंद व्हायची, आणि मग काही सेकंदांची शांतता. बॉम्ब ठरावीक भागांतच झुंडीने पडतात, असं लोक ठामपणे सांगायचे. मग कुठला मोहल्ला सुरक्षित, कुठला नाही, याचे ज्याचे त्याचे नकाशे. प्रुडेन्शियल विमा कंपनीत काम करणारा आर. डी. क्लार्क याने १९४६ मध्ये हे तपासलं, एका छोट्याशा लेखात. दक्षिण लंडनचा १४४ चौरस किलोमीटरचा भाग घेतला, त्याचे पाव-पाव चौरस किलोमीटरचे ५७६ चौकोन केले. त्यात ५३७ बॉम्ब पडले होते. बॉम्ब निव्वळ आंधळेपणाने पडत असतील तर पॉइसाँच्या सूत्राप्रमाणे एकही बॉम्ब न पडलेले चौकोन २२६.७४ हवेत. होते २२९. एक बॉम्बवाले हवेत २११.३९, होते २११. दोनवाले ९८.५४ ऐवजी ९३, तीनवाले ३०.६२ ऐवजी ३५, चारवाले ७.१४ ऐवजी ७. पाच किंवा जास्त १.५७ हवेत, होता एक. त्या एका चौकोनात मात्र सात पडले होते.

इंजिनिअरिंगला असताना पॉइसाँ शिकलो तेव्हा उदाहरण होतं टेलिफोन एक्सचेंजचं. हे उदाहरण दिलं असतं तर वर्गात कोणी झोपलं नसतं. पण त्या सात बॉम्बवाल्या चौकोनात राहणाऱ्या बाईला जाऊन सांगा बघू, की बाई, यात काही अर्थ नाही, हे आंधळं वाटप आहे. नेम धरून मारलं असतं तर निदान कोणावर तरी रागावता आलं असतं.

असो. आता ती गोष्ट, जी शेवटी सांगतो म्हणालो होतो.

१९४१ च्या अखेरीस ब्रिटिश सरकारला प्रश्न पडला की बॉम्बिंगने शहराचं नेमकं काय होतं. सॉली झुकरमन (मूळचा प्राणिशास्त्रज्ञ, लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या बबून माकडांवर काम केलेला) आणि जे. डी. बर्नाल (स्फटिकांचा अभ्यासक) यांना दोन शहरं दिली : बर्मिंगहॅम आणि हल. हल हे ईशान्य किनाऱ्यावरचं बंदर. मे १९४१ मध्ये भाजून निघालेलं, पण बातम्यांत सेन्सॉरमुळे त्याचं नाव 'ईशान्येकडचं एक गाव' इतकंच यायचं. पाहणी झकास झाली. घरं मोजली, बॉम्ब मोजले, कारखान्यांची हजेरी तपासली, मानसोपचारतज्ज्ञ लोकांशी बोलले. हलच्या शाळांतल्या मुलांना निबंधही लिहायला लावले : हल्ल्यात माझं काय झालं आणि मी काय केलं. (आपण 'पावसाळ्यातील एक दिवस' लिहायचो. विषय असाही असू शकतो.) एप्रिल १९४२ मध्ये अहवाल आला. निष्कर्ष स्पष्ट होता : मनोधैर्य खचल्याचा पुरावा नाही. घबराट नाही. उत्पादनावर झालेला परिणाम मुख्यतः कारखान्यांच्या प्रत्यक्ष नुकसानीचा.

पण अहवाल पूर्ण व्हायच्या आधीच, ३० मार्चला, चर्चिलचा वैज्ञानिक सल्लागार लॉर्ड चेरवेल याने त्याच पाहणीतले आकडे उचलून चर्चिलला एक टिपण पाठवलं. एक टन बॉम्बने २० ते ४० घरं पडतात आणि १०० ते २०० माणसं बेघर होतात. एक विमान आपल्या आयुष्यात १४ फेऱ्या मारतं, म्हणजे ४० टन, म्हणजे ४,००० ते ८,००० बेघर. जर्मनीत एक लाखावर वस्तीची ५८ शहरं आहेत. तर १९४३ च्या मध्यापर्यंत जर्मनीची एक तृतीयांश लोकसंख्या बेघर करता येईल. आणि घर पडण्याने माणसाचं मनोधैर्य सगळ्यात जास्त खचतं, मित्र किंवा नातेवाईक मरण्यापेक्षाही. हलमध्ये दहातलं एकच घर पडलं तरी ताण दिसत होता ना? मग तिथे दहापट करू.

अहवाल म्हणतो खचले नाहीत. टिपण म्हणतं खचतील. डेटा एकच!

हेन्री टिझार्ड आणि पॅट्रिक ब्लॅकेट या दोघा शास्त्रज्ञांनी गणित तपासलं. एकाच्या मते पडणाऱ्या घरांचा अंदाज पाचपट फुगवलेला होता, दुसऱ्याच्या मते सहापट. (हे ब्लॅकेट पुढे नोबेल मिळवते झाले, आणि स्वातंत्र्यानंतर नेहरूंनी त्यांना संरक्षणविषयक सल्ला द्यायला बोलावलं.) त्यांचं ऐकलं गेलं नाही. चेरवेलच्या टिपणाने बॉम्बिंग सुरू झालं असंही नव्हे. शत्रूच्या कामगारवस्तीचं मनोधैर्य हेच लक्ष्य, असा हुकूम १४ फेब्रुवारीलाच सुटला होता. निर्णय आधी, डेटा मागाहून. हा क्रम मी कितीतरी मीटिंगांत पाहिलाय. फरक इतकाच की तिथे फारतर एखादा सर्व्हर बंद पडतो.

आणि त्या तर्कातली गंमत बघा, गंमत म्हणवत नाही खरं तर. 'आम्ही खचलो नाही' याचा अभिमान बाळगणारेच 'ते खचतील' असं मानून चालले होते. १९३८ मध्ये 'हे लोक' ईस्ट एंडमध्ये राहत होते. १९४२ मध्ये ते हँबर्गला राहायला गेले, एवढंच. जुलै १९४३ च्या शेवटी हँबर्गमध्ये एका आठवड्यात सुमारे ३७,००० माणसं मेली. पूर्ण युद्धात बॉम्बने मेलेल्या जर्मन नागरिकांचे अंदाज साडेतीन ते सहा लाखांच्या दरम्यान आहेत. १९३७ चा तो सहा लाखांचा आकडा शेवटी अशा तऱ्हेने दुसऱ्याच देशात जाऊन पोचला.

युद्ध संपल्यावर अमेरिकनांनी जर्मनीत जाऊन विचारलं. त्या पाहणीचा मनोधैर्य विभाग होता रेन्सिस लायकर्टकडे. हो, तोच लायकर्ट! 'पूर्णपणे सहमत' ते 'पूर्णपणे असहमत' अशी पाच खणांची पट्टी, जी आपण दर अप्रेझलला भरतो, ती त्याने १९३२ मध्ये काढली. त्याच्या माणसांनी १९४५ च्या उन्हाळ्यात ३,७११ जर्मन नागरिकांच्या मुलाखती घेतल्या. सापडलं ते असं : बॉम्बने माणसं थकली, घाबरली, हताश झाली, हे खरं. पण हताश माणूस बंड करत नाही. तो मान खाली घालून कामावर जातो, कारण रेशन तिथे मिळतं, पोलीस मागे आहेत, आणि दुसरं करायचं तरी काय? शिवाय थोड्या बॉम्बने येणारी मरगळ आणि प्रचंड बॉम्बने येणारी मरगळ यात फारसा फरक नव्हता. दहापट टाकून दहापट खचत नाही कोणी.

हा अहवालही छापून झाला, वाचला गेला, कपाटात गेला. त्यानंतर कोरियात आणि व्हिएतनाममध्ये काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

टॉम हॅरिसनने सत्तरच्या दशकात एक शेवटचा उद्योग केला. ज्यांनी १९४० मध्ये त्याच्यासाठी डायऱ्या लिहिल्या होत्या, त्यांच्यापैकी काहींना त्याने विचारलं : जुनं काही न बघता, तेव्हा काय झालं ते आठवून पुन्हा लिहा. मग दोन्ही कागद शेजारी ठेवले. जुळेनात. स्वतःच्याच आयुष्यातल्या रात्री, स्वतःच्याच अक्षरात, आणि तरी दोन वेगळ्या गोष्टी. मधल्या तीस वर्षांत ऐकलेलं, सिनेमात पाहिलेलं, सगळ्या देशाने मिळून ठरवलेलं असं बरंच काही आठवणीत येऊन बसलं होतं, आणि पहिल्या कागदावरची रडारड, चिडचिड, शेजाऱ्याचा राग बराचसा गळून गेला होता. लोक खोटं बोलत नव्हते. त्यांना ते तसंच आठवत होतं.

हॅरिसन जानेवारी १९७६ मध्ये थायलंडमध्ये बस अपघातात गेला. पुस्तक त्याच वर्षी, त्याच्या मागे आलं. डायऱ्यांची खोकी ससेक्स विद्यापीठाकडे आहेत.